मामीच्या नावाचा नकार

४ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

फोनवर बोललेलं तू धरत नाहीस, कचेरीची सवय अजून अंगात आहे, म्हणून लिहूनच कळवते. काल औषधांचे दुकानवाले दुसऱ्यांदा घर बघून गेले, या खेपेला बायकोला घेऊन. तू गॅलरीत पेपर वाचत होतास तेव्हा त्या बाई ओट्यापुढे नुसत्या उभ्या होत्या. कपाटं उघडली, लावली, खिडकीतून खाली बघितलं आणि गप्प झाल्या. घर आवडलं नाही की लोक भरभरून बोलतात, आवडलं की गप्प होतात, एवढं आता माझ्या ध्यानात आलंय. संध्याकाळी त्यांचा फोन आला. तुझ्या आकड्याच्या अगदी जवळ आलेत, थोडं ताणलं तर पूर्ण देतील. न्हाणीघरातल्या ओलीबद्दल त्यांनी विचारलंच. वरच्या मजल्यावरच्यांच्या खनपटीला बसून मी नळ बदलून घेतला होता, तो कामी आला.

तळमजल्याचं घर आपल्यासाठी थांबलंय. मालकीण, त्या शिलाईवाल्या बाई, त्यांनी माझ्या शब्दावर महिनाअखेरपर्यंत दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही असं कबूल केलंय. मामीला सांग, दाराबाहेर एकच पायरी आहे, आणि भाजीची गाडी दारावरूनच जाते. गुडघ्यांपायी ती वर्षभर जिना उतरली नाहीये, तिला एकदाची खाली आणली की मी सुटले.

सोबत आमच्या ऑफिसचा दलालीचा छापील करार आहे. तो आधीच घ्यायला हवा होता, पण मामाची कसली सही घ्यायची म्हणून मी टाळत राहिले. मी पैसे नको म्हणत होते, तूच टेबलावर हात आपटून म्हणालास, "घरची म्हणून फुकट राबवणार नाही. दोन टक्के म्हणजे दोन टक्के!" तेच त्यात लिहिलंय. सही करून पाठव.

तुझी,
भिंगरी


११ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. खटपट चांगली केलीस, वाद नाही. परंतु एक अडचण उभी राहिली आहे. तुझ्या मामीचे मन फिरले. घर सोडून जायचे नाही, असे तिने निक्षून सांगितले. इतकी वर्षे इथे काढली, शेजारपाजार जिव्हाळ्याचा, शेवट इथेच व्हावा, असे तिचे म्हणणे. डोळ्यांतून पाणी काढले. आता या वयात तिच्या मनाविरुद्ध मी काय करणार? तेव्हा विक्रीचा विचार तूर्तास रद्द समजावा. औषधवाल्यांना तू तसे कळवून टाक.

व्यवहारच नाही तर कराराचा प्रश्न उरत नाही, म्हणून कागद परत धाडत नाही. घराची एक किल्ली तुझ्याकडे आहे, ती मात्र पाठवून दे.

जाता जाता एक विचारतो. सोसायटीचे ना-हरकत पत्र काढायला साधारण किती दिवस लागतात? सहज, माहिती असावी म्हणून.

मामीशी या विषयावर बोलू नकोस. ती हळवी झाली आहे.

तुझा,
मामा


१५ फेब्रुवारी

मामा,

पत्र वाचून खट्टू झाले, खोटं कशाला बोलू. ऑफिसचं शटर स्वतःच्या नावाने उघडल्यापासूनचा हा पहिला मोठा व्यवहार होता. सगळ्या गल्लीला सांगून बसले होते. पण मामीला नको असेल तर विषय संपला. माझ्यापुढे मामी कधी रडलेली मला आठवत नाही. ती रडली म्हणजे फारच जिवावर आलं असणार.

औषधवाल्यांना कळवलं. "बरं बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. एवढ्या घराला भुललेला माणूस इतक्या सहज सोडतो याचं नवल वाटलं. किल्ली या पाकिटात आहे. ना-हरकत पत्राला सेक्रेटरी जागेवर असला तर आठवडा लागतो.

शिलाईवाल्या बाईंकडेही त्याच संध्याकाळी जाऊन आले. आपल्याला घर नकोच तर त्यांना लटकत ठेवणं बरं नव्हे. एक बसचालक त्यांच्या मागे लागला होता, त्याला त्यांनी बोलावून घेतलंय. बाई म्हणाल्या, "तू शब्द सोडवून घ्यायला स्वतः आलीस, बरं वाटलं."

मामीला विचारणार नाही, पण तिला वाईट वाटू देऊ नकोस. माझं काही अडलेलं नाही.

भिंगरी


१८ फेब्रुवारी

भिंगरे,

हा काय आततायीपणा! तळमजल्याचे घर कुणाला विचारून सोडलेस? मी विक्री रद्द लिहिले होते, ते घर नको असे कुठे लिहिले होते? माझे पत्र पुन्हा वाच. तूर्तास हा शब्द मी घातला आहे. माणसाचा विचार बदलू शकतो.

ताबडतोब त्या बाईंकडे जा आणि बसचालकाला थोपव. पत्र मिळताच जा, जेवण राहिले तरी चालेल. दहा मार्चपर्यंत थांबवलेस तरी पुष्कळ होईल, त्यानंतर पैशाची सोय होते आहे.

मामा


२१ फेब्रुवारी

मामा,

जेवण न करता गेले. आधी शिलाईवाल्या बाईंकडे, आणि मग औषधांच्या दुकानात. पैशाची सोय होते आहे हे तुम्ही घाईत लिहून गेलात. घर विकल्याशिवाय तुमच्याकडे एवढे पैसे कुठून येणार, हा विचार रस्ताभर डोक्यात होता.

दुकानवाले बिचारे गांगरले. समोर गिऱ्हाईक उभं होतं, तरी मला आत बोलावून स्टूल दिलं. म्हणाले, "तुमचे मामाच दुकानात आले होते. घरातली गोष्ट आहे, भाचीचं काय ते मी बघतो, तुम्ही थेट माझ्याशी बोला, दोघांचाही खर्च वाचेल, असं म्हणाले." बयाणा तुम्ही सात तारखेलाच घेतलात. म्हणजे मला अकरा तारखेचं पत्र लिहिलंत तेव्हा घर देऊन झालं होतं. मामीच्या डोळ्यांतलं पाणी कुठल्या तारखेचं, तेवढं सांगा.

मला टांग मारलीत त्याचा राग आहेच. पण तुम्ही मामीच्या तोंडी नकार घातलात आणि तो खरा मानून मी तिचं घर सोडून आले. तुम्ही नुसतं "पैसे देणं जड जातंय गं" म्हणाला असतात तर मी हसून सोडले असते. बसचालकाने शिलाईवाल्या बाईंना पैसे द्यायला शनिवारपर्यंतची मुदत मागितलीय. तोवर आशा आहे, त्यापुढे नाही.

माझे दोन टक्के मला हवेत. पूर्ण. हे पत्र रजिस्टर करून पाठवतेय, पोच माझ्याकडे राहील.

तुमची भाची


२४ फेब्रुवारी

भाचीबाई,

रजिस्टर पत्र घेताना पोस्टमनसमोर सही करावी लागली. शेजारी बघत होते. असा दिवस दाखवलास.

लिहिते आहेस तर तू, मग ऐक. तू काय केलेस? दार उघडलेस, दिवे लावलेस, ही खोली, ते न्हाणीघर, असे बोट दाखवलेस. त्याचे दोन टक्के? मी हिशेब केला. मी बत्तीस वर्षे फायली उपसल्या, साहेबाची बोलणी खाल्ली, आणि निवृत्त होताना वर्षभराचा जो पगार होता, तेवढी ही रक्कम आहे. चार वेळा जिना चढण्याची! घर मी घेतले, हप्ते मी फेडले, ओल मी सोसली. हात आपटून बोललो असेन. तेव्हा आकडा डोळ्यांपुढे नव्हता.

तुझे वडील गेल्यावर तू आमच्याकडे आलीस. तुझी शाळा, कॉलेज, चष्मे, तापाची औषधे, सगळे मी केले. त्याचे टक्के मी लावले का? कागदावर माझी सही नाही, हे लक्षात असू दे. वकिलाकडे जायचे तर जा, तोही तेच सांगेल.

मामीला यातले अवाक्षर कळता कामा नये. तिचा रक्तदाब वाढला तर जबाबदारी तुझी.

मामा


२७ फेब्रुवारी

भिंगरे, बाळ,

किती वर्षांनी पत्र लिहितेय. अक्षर वाकडं आलंय, लावून घे.

काल दुपारी औषधवाल्यांची बायको आली. हे बँकेत गेले होते. ती मोजपट्टी घेऊन खिडक्या मोजायला लागली, पडद्यांसाठी. मी म्हटलं, बघताय का अजून घर? तर म्हणाली, "अहो, आता आमचंच झालं की! तुमचा आधी नकार होता म्हणे, पण काकांनी समजूत काढली तुमची." मी तिला चहा दिला आणि सगळं काढून घेतलं. शाळेतल्या पोरीसारखी सांगत सुटली.

माझा नकार! भिंगरे, मला या घरातून जायचंय. वर्ष झालं, वरून लोकांची डोकी बघतेय. भाजी दोरीने वर ओढते, ती कधी सडकी येते, कधी नुसता पाला. कुणाच्या दारात जाऊन उभं राहायला जीव तळमळतो. आणि माझं नाव सांगून म्हणे मी रडले.

हे आल्यावर विचारलं. आधी उडवाउडवी, मग आवाज चढला, मग तुझ्यावर घसरले. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, घर दोघांच्या नावावर आहे, दहा मार्चला खरेदीखतावर माझीही सही लागणार ना? तुम्ही माझ्या नावाने नाही म्हणालात, आता तो नकार मी खरा करते. भिंगरीचे पैसे तिच्या हातात पडल्याशिवाय मी सही करणार नाही. म्हणाले, व्यवहार मोडेल, बयाणा परत द्यावा लागेल, वर नुकसानभरपाई. म्हटलं मोडू दे. मला तिसऱ्या मजल्यावर बसायची सवय झालीय, जिने तुम्हाला आहेत.

तू काही करू नकोस. गप्प बस.

मामी


२ मार्च

मामी,

तू सही कर. मी पाया पडते तुझ्या.

बसचालकाने शनिवारी पैसे दिले. शिलाईवाल्या बाईंचं घर गेलं. त्यांचा काही दोष नाही, मीच शब्द सोडवून घेतला होता. आता औषधवालेही मागे हटले तर तू तिथेच अडकशील आणि मामाच्या डोक्यावर भरपाईचा बोजा बसेल तो वेगळा. मी आज त्यांच्या दुकानावरून गेले. ते गल्ल्यावर डोकं धरून बसले होते. स्वतःची जुनी जागा सोडायची नोटीस देऊन बसलेत. दहा तारखेला सही झाली नाही तर दुसरं घर बघणार आहेत, तेही मीच दाखवलेलं. म्हणजे माझं कमिशन मला तिथेही मिळेल. बघ, माझं काही जात नाही.

मामाचं एक वाक्य मला फार लागलं. माझ्या शाळेचे, औषधांचे टक्के लावले का, असं त्याने लिहिलं. खरं आहे ते. त्याने केलं, आणि मी त्याच्याकडे टक्के मागतेय. रात्रभर तेच डोक्यात. मी पैसे सोडते. त्याला तसं लिहून देते हवं तर. तू खाली ये, एवढंच मला पाहिजे.

भिंगरी


५ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र वाचून मला तुझाच राग आला.

तुला वाढवलं तेव्हा तू घरातलं पोर होतीस. पोराला जेवू घालतात, त्याचं बिल करत नाही कुणी. यांनी ते केलं, तेही तुझ्या कामाचे पैसे बुडवायला, ते मला सगळ्यात लागलं. तुझ्या चष्म्याला मी दुकानात गेले होते गं, हे नव्हते. मी कधी मोजला नाही तो चष्मा आणि आज माझ्या देखत कुणाला मोजू देणार नाही.

आणि दार उघडलंस, दिवे लावलेस म्हणे. वरच्या मजल्यावरच्या त्या कजाग बाईकडे नळासाठी किती हेलपाटे घातलेस ते मी या खुर्चीतून ऐकलंय. तिने दार आपटलं की परत खाली येऊन माझ्याजवळ पाणी पीत बसायचीस आणि परत वर जायचीस. यांनी तिच्याशी त्या ओलीवरून भांडण काढलं होतं, तिचं तोंड बघत नव्हते. ती ओल असती तर एवढा भाव आला असता का? हे मी यांना विचारलं. पेपर उचलून गॅलरीत गेले.

तू पैसे सोडलेस तर मी खाली येऊन तरी तुझ्याकडे कुठल्या तोंडाने बघू? मला भीती वाटतेय, नाही असं नाही. दहा तारीख गेली तर इथूनच माझी तिरडी उतरेल असं वाटतं. तरी मी सही करणार नाही.

घरात बोलणं बंद आहे. हे स्वतः चहा करून घेतात, साखर सापडत नाही, विचारतही नाहीत. बिनसाखरेचा पितात.

मामी


११ मार्च

भाचीस,

काल सह्या झाल्या. चेक सोबत आहे, पाकीट मामीनेच बंद केले. पूर्ण रक्कम, एक पैसा कमी नाही. पोच दे.

काय घडले ते तुला तिच्याकडून कळेलच, तेव्हा मीच लिहितो. सकाळी नऊपर्यंत ती खुर्चीत बसून होती. औषधवाल्यांनी दुकानातली माणसे पाठवली होती तिला खाली न्यायला, ती दारात ताटकळत उभी. मी तिला म्हटले, ऊठ. ती म्हणाली, चेक. त्या परक्या माणसांसमोर! मी लिहिला. तिने चष्मा लावून वाचला, आकडा आणि अक्षरे दोन्ही ताडून पाहिली, पाकिटात घालून स्वतःच्या पिशवीत ठेवला, आणि मग चपला मागितल्या.

खुर्चीत बसवून उतरवली. तळाशी आल्यावर तिने खुर्ची रस्त्याच्या कडेला ठेवायला लावली. मी म्हणालो, उशीर होतो आहे. तर म्हणाली, पाच मिनिटे. एक भाजीवाली आली. तिच्या टोपलीतली वांगी हातात घेऊन दाबून बघत बसली, घेतले काहीच नाही. भाजीवालीशी हसून बोलत होती. माझ्याशी पंधरवडाभर बोलली नव्हती. मी बाजूला उभा राहून ते पाहिले. मला काय वाटले ते इथे लिहीत नाही.

नोंदणी कचेरीत तिने सही केली आणि तिला परत वर आणली. औषधवाल्यांनी पुढच्या महिन्याच्या शेवटापर्यंत राहू दिले आहे. त्यानंतर कुठे, ते ठाऊक नाही. मी दोन दलालांकडे जाऊन आलो. एकाने चौथा मजला दाखवला. मामी म्हणते, घर भिंगरी बघेल. मी काही म्हणत नाही. तुझे माझ्याकडे काही राहिले नाही, एवढे लक्षात ठेव.

मामा


१६ मार्च

मामा,

चेक वटला. पोचपावती सोबत आहे, शिक्क्यासकट.

राग गेलेला नाही. तो जाईल तेव्हा जाईल, मी त्याच्यामागे लागणार नाही. पण पाच दिवसांत मी दुसरं काम केलं नाही. पाण्याच्या टाकीमागे एक तळमजल्याचं घर आहे. मालक निवृत्त शिंपी आहेत, लेकाकडे राहायला चाललेत, भलत्याच घाईत आहेत. मी परवा तिथे सकाळी गेले, दुपारी गेले आणि काल अंधार पडल्यावर गेले. उजेड चांगला आहे. न्हाणीघरात कमोड आहे, दाराला उंबरा नाही. पाठीमागे मोटार दुरुस्तीच्या ठोकाठोकीचा आवाज येतो, ते आधीच सांगते. तुमचे पैसे पुरून वर उरतील. घर विकायचंय हे अजून कुणाला माहीत नाही.

मालकांचा फोन नंबर या पत्राच्या तळाशी लिहिलाय, पत्ताही. आमच्या धंद्यात हे कुणी करत नाही. कागदावर सही झाल्याशिवाय मालकाचा नंबर सख्ख्या भावाला देत नाहीत, कारण दिला की आपण संपलो. हे पत्र पाकिटात घालताना मी दोनदा बाहेर काढलं. तू थेट फोन केलास तर मला कळणारही नाही, आणि मी विचारणारही नाही. मामीला खाली घर मिळालं पाहिजे, मग ते कसंही मिळो.

माझ्यामार्फत घ्यायचं असेल तर दोन टक्केच पडतील. कमी करणार नाही.

भिंगरी


२० मार्च

चि. भिंगरी हिस,

पत्र मिळाले. काल पाण्याच्या टाकीपर्यंत चालत गेलो. घर बाहेरून पाहिले. शिंपी दारातच उभे होते. "कुणाला शोधताय?" म्हणाले. मी रस्ता चुकलो असे सांगून परतलो.

नंबर पत्रात तसाच आहे, लावलेला नाही. रविवारी सकाळी तुझ्या ऑफिसात येतो. छापील कागद काढून ठेव, आधी सही करतो. फोन तू लाव.

मामी विचारते, ठोकाठोकी किती वाजता सुरू होते.

तुझा,
मामा